करंट नसलेले एकोणीस दिवस

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. कागदोपत्री माझं नाव चांगलं लांबलचक आहे, नसांना उत्तेजना देणारं विद्युत उपकरण वगैरे. पण रुग्णालयात मला सगळे करंटचा डबा म्हणतात आणि माझ्या रूपाला तेच शोभतं. मी जाडजूड शब्दकोशाएवढा आहे. पुढे दोन गोल बटणं, एक हिरवा दिवा, मिनिटं मोजणारे आकडे आणि बाहेर निघालेल्या दोन वायरी. वायरींच्या टोकाला चिकटपट्ट्या असतात. त्या दुखऱ्या भागाजवळ लावायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं, की कातडीखाली मुंग्या धावू लागतात. एवढंच माझं काम.

असं आत्मवृत्त सांगायला बसलं की जो तो आपल्या सेवेच्या गोष्टी सांगतो. माझ्याकडेही त्या आहेत, सांगेन थोड्या. पण मी तोंड उघडलं आहे ते एका बाईंसाठी. त्यांचं माझ्यामुळे वाईट झालं आणि ते मला अजून सलतं.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबच लांब टेबलावर झाला. माझ्या पोटातल्या तारा वितळलेल्या कथलाने जोडणारी बाई सारखी शिंकायची, तरी तिचा एकही जोड चुकला नाही. मी तिचं नाव खराब करणार नाही. खोट माझ्या आखणीतच होती. माझा दिवा डब्यातून करंट निघाला, एवढंच सांगतो. तो माणसापर्यंत पोचला की नाही, हे दिव्याला कळत नाही आणि मिनिटांच्या आकड्यांनाही कळत नाही. माझ्यानंतर आलेल्या डब्यांना वायर तुटली की शिट्टी मारायची अक्कल दिली आहे म्हणे. मला ती नव्हती, आणि ती नाही हे सांगायला तोंडही नव्हतं.

रुग्णालयात आलो तेव्हा मात्र माझा थाट काय विचारता! तळमजल्यावर व्यायामाच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. तिथल्या फिजिओथेरपिस्टना सगळे मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणतो. त्या माझं झाकण रोज पुसायच्या. गुडघे धरून आलेल्या आजी जाताना काठी विसरून जायच्या आणि मग काठीसाठीच परत यायच्या. एक पाठदुखीवाले मास्तर तर माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा जावई. रोज भेटायला यावं लागतं, पण कामाचा आहे." असं कौतुक झालं की मला फार बरं वाटायचं. मला वाटायला लागलं, की दिवा लागला म्हणजे माणूस बरा झालाच. माझ्या चुकीची सुरुवात बहुधा त्या शेखीतच असावी.

मग एके वर्षी मोठ्या डॉक्टरांनी मला वरच्या मजल्यावर एका अभ्यासासाठी मागून घेतलं. तो अभ्यास कशाचा होता ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या मेंदूत अंगाच्या प्रत्येक भागाची एकेक जागा ठरलेली असते. पाठीला थोडी मिळते, बोटांना भरपूर, कारण बारीक कामं बोटांची. कुठे लागलं की नसा तिथली खबर मेंदूतल्या त्या जागेला देतात. जखम भरली की खबर थांबायला हवी. काही माणसांत ती थांबत नाही. महिनोन्‌महिने तीच ओरड ऐकून मेंदूतल्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळून जातात आणि मग साधी बाही लागली तरी हात भाजल्यासारखा होतो. दुखणं अगदी खरं असतं. हात तपासून मात्र ते सापडत नाही, म्हणून लोकांना ते पटत नाही. माझ्यासारख्या डब्याने रोज त्या नसेला सौम्य, एकसारख्या मुंग्या दिल्या, तर मेंदूला पुन्हा नीट खबर मिळून त्या जागा वेगवेगळ्या होतात का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. होत असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. खात्री त्यांनाही नव्हती, म्हणून तर अभ्यास.

त्या अभ्यासात बाइंडरबाई आल्या.

त्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या. शिवण, गोंद, पुठ्ठा, सगळं हाताने. तेवीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. एका दुपारी दाबयंत्रात त्यांचा उजवा हात सापडला. हाड जुळलं, टाके निघाले, व्रणही पुसट झाला आणि दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. त्या हात अंगापासून लांब धरून बसायच्या. कुणी जवळून गेल्याची झुळूक लागली तरी दचकायच्या. छापखान्याच्या मालकांनी त्यांची जागा आणखी दोन महिने राखून ठेवायचं कबूल केलं होतं. त्याच्या आत हात कामाला यायला हवा होता, नाहीतर शिवणीच्या त्या टेबलावर दुसरं कुणी बसणार होतं.

त्यांच्याबरोबर त्यांच्या नणंदबाई यायच्या. बसमध्ये गर्दीचा धक्का लागू नये म्हणून त्या वहिनींच्या उजव्या बाजूला उभ्या राहायच्या, तेवढी माया त्यांच्यात होती. पण घरातली भांडी, कपडे, केर सगळं आता त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि तोंडाला लगाम नव्हता.

"जखम भरून सात महिने झाले मॅडम," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "मला सांगा, नसलेली जखम दुखते कशी?"

"दुखते," मॅडम म्हणाल्या. "आणि आम्ही ते बघू शकतो."

मग त्यांनी बाइंडरबाईंच्या केसांत गार जेल लावून वायरींची टोपी घातली. बोटांना हलक्या टिचक्या मारल्या की टोपीतून पडद्यावर रेघा उमटायच्या. मोठ्या डॉक्टरांनी नणंदबाईंना जवळ बोलावून दाखवलं. डाव्या हाताची बोटं वेगवेगळी दिसत होती आणि उजव्याची सगळी एकमेकांत मिसळलेली. नणंदबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग वहिनींच्या डोक्यावरचं जेल त्यांनी आपल्या रुमालाने पुसून काढलं. बाइंडरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं दुखणं पाहिलं होतं.

सहा आठवडे, रविवार सोडून रोज अर्धा तास, असा माझा आणि त्यांचा करार होता. मनगटाच्या वर पट्ट्या लावायच्या, मुंग्या जाणवल्या की त्यांनी "आल्या" म्हणायचं आणि मॅडमनी बटण तिथेच थांबवायचं. घरी एका वहीत रोज दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. पहिल्या दिवशी नऊ होता. दुसऱ्या आठवड्यात सात झाला. सतरावा दिवस संपला तेव्हा वहीत पाच होता आणि बाइंडरबाईंनी त्या दिवशी बाही खाली सोडली होती. "छापखान्यात निरोप धाडू का?" नणंदबाईंनी विचारलं. "थांबा थोडं," त्या म्हणाल्या, पण हसत होत्या. मी फुगून गेलो होतो. हे सगळं माझंच, असं मला वाटत होतं.

आता ऐका पुढे काय झालं ते. मॅडम फार टापटिपीच्या. काम संपलं की माझ्या वायरी माझ्याच पोटाभोवती घट्ट गुंडाळून टोक आत खोचायच्या. लोंबती वायर त्यांना खपायची नाही. रोज गुंडाळून, रोज सोडून, एक वायर बुंध्याजवळ आतल्या आत तुटली. वरचं रबर जसंच्या तसं होतं. अठराव्या दिवशी सकाळी मॅडमनी बटण फिरवलं, माझा दिवा लागला, मिनिटं सुरू झाली आणि करंट बुंध्याशीच अडला.

मित्रांनो, मला ते त्याच क्षणी कळलं.

"आल्या?" मॅडमनी विचारलं.

"नाही अजून."

मॅडमनी बटण आणखी फिरवलं. "आता?"

"आज काही जाणवत नाही हो मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हिरवा दिवा ऐटीत लुकलुकत होता. बाहेर बाकावर चौदा माणसं बसली होती. "चालू आहे की ताई," त्या म्हणाल्या. "सवय होते कधीकधी मुंग्यांची, मग कळत नाहीत. लक्ष हाताकडे ठेवा."

असं होतं खरं. काही जणांना सवय होते. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. पण आदल्या दिवशीपर्यंत ज्या बाईंना मुंगी न्‌ मुंगी कळत होती, त्यांना एका रात्रीत सवय होईल का, हा प्रश्न त्या घाईत कुणालाच पडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाइंडरबाईंनी एक गोष्ट केली. शिवणीचा दोरा घेण्याआधी तो चिमटीतून ओढून बघायचा, कुठे गाठ, कुठे झिजलेला, हे बोटांनी पारखायचं, ही त्यांची तेवीस वर्षांची सवय. पट्ट्या लावायच्या आत त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीतून माझी वायर सावकाश ओढली आणि बुंध्याजवळ थांबल्या.

"मॅडम, इथे आत मऊ लागतंय. पोकळ असल्यासारखं."

"वायरला हात लावू नका हं ताई," मॅडम लगबगीने म्हणाल्या. "अभ्यासाचं मशीन आहे, काही झालं तर पंचाईत."

बाइंडरबाईंनी पटकन हात मागे घेतला, दटावलेल्या लहान मुलीसारखा. माझी तुटकी जागा त्यांच्या चिमटीत होती आणि मी मूग गिळून बसलो. दुसरं काही मला करता येत नव्हतं हे खरं आहे. पण मित्रांनो, दिवा तर माझाच होता ना? मी तो लावून बसलो होतो.

त्यानंतर त्या काही बोलेनाशा झाल्या. मॅडम "आल्या?" म्हणायच्या, त्या दिव्याकडे बघून "आल्या" म्हणायच्या. अर्धा तास त्या माझ्यासमोर बसायच्या, मी मिनिटं मोजायचो आणि दोघांमध्ये काहीही वाहत नव्हतं. वहीतला आकडा सहा झाला, मग सात, मग साडेआठ. बाही पुन्हा वर गुंडाळली गेली.

नणंदबाईंनी वही चाळली. "कमाल आहे वहिनी," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे छान उतरत होतं आणि कामावर जायची तारीख जवळ आली तसं वर चढायला लागलं?"

 मॅडम तिथेच होत्या, त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

सहा आठवडे भरले. पुन्हा जेल लावून टोपी घातली. पडद्यावर उजव्या हाताची बोटं पहिल्यासारखीच एकमेकांत मिसळलेली. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या आकड्यांकडे पाहिलं. छत्तीस दिवस, रोज तीस मिनिटं, एकही खाडा नाही. माझ्या आकड्यांनी शपथेवर सांगावं तशी साक्ष दिली, की उपचार पूर्ण झाले. त्यातले एकोणीस दिवस पोकळ होते, हे कुठेच उमटलं नव्हतं.

"करंट पूर्ण मिळाला आहे, पण तुमच्या मेंदूने प्रतिसाद दिलेला नाही," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "काही जणांचं होतं असं. आता दुखण्यासकट जगायचं कसं, त्यासाठी मनाची तयारी करायला हवी. आमच्याकडे समुपदेशक आहेत."

"म्हणजे मनाचंच होतं तर," नणंदबाई म्हणाल्या.

"नाही, तसं नाही," डॉक्टर म्हणाले, पण तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते वाक्य तिथेच राहिलं. बाइंडरबाई उठल्या. जाताना त्या मॅडमना म्हणाल्या, "तुम्हाला माझ्यामुळे उगाच त्रास झाला." हात कामाला येणार नाही हे कळल्यावर त्याच आठवड्यात छापखान्याच्या मालकांनी शिवणीचं टेबल दुसऱ्या बाईला दिलं.

मी नऊ दिवस कपाटात होतो. दहाव्या दिवशी एक क्रेनवाले आले. पाय दुखायचा, आवाज मात्र क्रेनच्या टोकावरून खाली ऐकू जाईल असा. मॅडमनी बटण फिरवून दोन मिनिटं झाली असतील नसतील.

"ओ मॅडम! ह्यात काही दम नाही! दिवा लागलाय नुसता! मला काय येडा समजलात?"

सगळा मजला वळून बघायला लागला. मॅडमनी लगेच पट्ट्या काढून आपल्या हातावर लावल्या. काही नाही. बुंध्याजवळ वायर हलवली तेव्हा हाताला एक झिणझिणी येऊन गेली, पुन्हा काही नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने चाकूने रबर चिरलं आणि तुटकी तार बाहेर ओढली. "जुनं तुटलेलं आहे," तो म्हणाला. "टोकं काळी पडली आहेत बघा."

क्रेनवाल्यांना खरं-खोटं करायला एक मिनिट पुरलं होतं. बाइंडरबाईंना एकोणीस दिवसांत ते एक मिनिट कुणी दिलं नाही. त्या हळू बोलल्या, एवढाच काय तो फरक. मॅडम अभ्यासाच्या कागदांत जमा झालेली बाइंडरबाईंची वही काढून खाली बसल्या. पाच, सहा, सात, साडेआठ. तो आकडा कुठल्या तारखेला वळला ते त्यांनी बोटाने शोधलं.

त्यांनी ते लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण त्या सरळ मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि त्याच संध्याकाळी नवी वायर लावून, मला कापडी पिशवीत घालून बाइंडरबाईंच्या घरी गेल्या. दार नणंदबाईंनी उघडलं. आत बाइंडरबाई खुर्चीत बसून डाव्या हाताने मटार सोलत होत्या. उजवा हात उशीवर ठेवलेला.

"ताई," मॅडम उभ्यानेच म्हणाल्या, "वायर आतून तुटलेली होती. करंट येतच नव्हता. तुम्ही मला सांगितलं होतंत, जागासुद्धा दाखवली होतीत. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

नणंदबाईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

मला वाटलं होतं, आता बाइंडरबाई रागावतील. मला ते हवंच होतं, खरं सांगतो. कुणीतरी माझं झाकण आपटावं असं मला वाटत होतं. पण त्यांनी मटार बाजूला सारले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "दुखायचं ना मॅडम, तेव्हासुद्धा मी स्वतःला विचारायचे, खरंच दुखतंय का गं तुला? मला वाटायला लागलं होतं की मीच खोटी आहे."

 मग नणंदबाई भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. "मी बोलले वहिनी, मी नको ते बोलले," एवढंच त्यांना म्हणता आलं. बाइंडरबाईंनी डाव्या हाताने त्यांना जवळ ओढलं.

मी तेव्हा पिशवीत होतो. नवी वायर, पुसलेलं झाकण, सगळं कसं चकचकीत. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, नऊ या आकड्यापासून. या खेपेला आकडा लवकर उतरला नाही. मेंदूला एकदा दिलेली खबर मध्येच तोडली की तो दुसऱ्यांदा सहज ऐकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. की बाइंडरबाईंची आशाच कमी झाली होती, कुणास ठाऊक. चार महिन्यांनी पाच आला. सहा महिन्यांनी पडद्यावर अंगठा आणि तर्जनी वेगवेगळी दिसू लागली, बाकीची बोटं अजून धूसर आहेत. बाइंडरबाई आता बाही घालतात, पेला उचलतात. सुई धरता येत नाही. छापखान्यातलं टेबल गेलं ते गेलंच. नणंदबाई अजूनही बसमध्ये त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहतात आणि हल्ली बोलतात कमी.

आता मी म्हातारा झालो आहे. शिट्टी मारणारे नवे डबे आले आणि मला पुन्हा खालच्या मजल्यावर धाडलं. बाइंडरबाईंसाठी मात्र मॅडम मलाच बाहेर काढतात, कारण अभ्यास ज्या डब्यावर सुरू झाला त्याच्यावरच संपायला हवा. मॅडम हल्ली आधी पट्ट्या स्वतःच्या हातावर लावून बघतात, मग बटण फिरवतात आणि विचारतात, "आल्या?"

आणि मित्रांनो, इथे माझा जीव कासावीस होतो. मुंग्या पोचलेल्या असतात. मला माहीत असतं, मॅडमना माहीत असतं. बाइंडरबाईंच्या हातालाही कळलेलं असतं. तरी त्या लगेच बोलत नाहीत. आधी मॅडमच्या तोंडाकडे बघतात आणि मग "आल्या" म्हणतात. स्वतःच्या हाताला काय वाटतंय, हे सांगायला त्यांना आता दुसऱ्याची परवानगी लागते. हे दुखणं माझ्यामुळे झालं आणि यावर माझ्याकडे करंट नाही.

म्हणून मी तुमच्याकडे एक मागणं मागतो. यंत्रं जपून वापरा, वायरी घट्ट गुंडाळू नका, हे तर मी सांगणारच, तो माझा धर्मच आहे. पण त्याहून मोठं मागणं असं, की तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणी हळू आवाजात "दुखतंय" म्हणालं, तर दिवे आणि आकडे नंतर बघा. जखम दिसत नाही म्हणून हसू नका. "कुठे दुखतंय?" असं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबा.